जीपचा क्रँक आणि मापाचा इतिहास

गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला. त्याने एक जुनी डिझेल स्विफ्ट घेतली आहे. तिचा टर्बो गेला होता. नवा परवडत नाही म्हणून नागपूरच्या कबाडी बाजारातून जुना आणायचं त्याने ठरवलं होतं. म्हणाला, "मामू, दुकानदार ओळखीचा आहे, आपल्यातलाच आहे. म्हणतो, डोळे झाकून घेऊन जा."

'डोळे झाकून' हे शब्द ऐकले आणि मला मार्कंड्याची जत्रा आठवली. ती गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती. ती सांगतोच, पण त्याआधी आणि त्यासोबत थोडा इतिहासही सांगावा लागेल. एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला बसावा, ही आपल्याला आज साधी वाटणारी गोष्ट माणसाला फार उशिरा जमली. आणि ती ज्या कारणाने जमली, नेमकं तेच कारण आमच्या घरी विसरलं गेलं होतं.

मार्कंडा हे गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातलं गाव, वैनगंगेच्या काठावर. नदी इथे उत्तरेकडे वळते, म्हणून तीर्थ म्हणून त्याचं महत्त्व. काठावर कोरीव दगडी देवळांचा समूह आहे. लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणाल तर वडसा स्टेशन, तेही एका टोकाला. एस.टी. सगळीकडे पोचत नसे. त्यामुळे आमच्या लहानपणी माणसं हलायची ती जीपने. लग्न असो, बाळंतपण असो, मयत असो की जत्रा असो, जीपच लागायची. आणि जत्रेत भाविकांना पोचवणाऱ्या जीपवाल्यांत मुसलमान बरेच असत. त्यात कुणालाच काही नवल वाटत नसे.

आब्बांकडे अशीच एक महिंद्राची डिझेल जीप होती. त्यांनी आधी जंगलाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर म्हणून बरीच वर्षं काढली आणि मग कर्ज काढून ही सेकंड हँड जीप घेतली. वर्षभर धंदा बेताचाच. उन्हाळ्यातली लग्नसराई आणि मार्कंड्याची जत्रा, या दोनच वेळी हातात पैसा यायचा. कर्जाचा हप्ता, आमच्या शाळेची फी, सगळं त्यावर.

मी पाचवी-सहावीत असेन. जत्रेच्या तीन आठवडे आधी जीपच्या इंजिनातून आवाज यायला लागला. मिस्त्रीने इंजिन उघडलं. क्रँकशाफ्टवर ओरखडे पडले होते, दोन जागी तो निळा पडला होता. मिस्त्री म्हणाला, हा आता कामाचा नाही. नव्या क्रँकची किंमत ऐकून आब्बा गप्प बसले. मग नागपूरला एका ओळखीच्या माणसाकडे गेले. तो जुन्या गाड्या तोडून पार्ट विकायचा. त्याने एक क्रँक काढून दिला. "स्टँडर्ड है, एक बार भी घिसा नहीं," म्हणाला. आब्बांनी पैसे दिले आणि क्रँक गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने आणला.

ज्यांना इंजिनाची माहिती नाही त्यांच्यासाठी इथे थोडं सांगतो. पिस्टन वर-खाली होतो. त्या वर-खाली होण्याचं गोल फिरण्यात रूपांतर करतो तो क्रँक. क्रँकवर गोल, गुळगुळीत जागा असतात, त्यांना जर्नल म्हणतात. त्या जर्नलवर बेअरिंगच्या पातळ वाट्या बसतात. जर्नल आणि बेअरिंग यांच्यात अगदी थोडी फट ठेवलेली असते, साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. माणसाच्या केसापेक्षाही बारीक. त्या फटीत तेल दाबाने शिरतं आणि क्रँक खरं म्हणजे त्या तेलावर तरंगत फिरतो. फट कमी झाली तर इंजिन जाम होतं. जास्त झाली तर तेल बाहेर पळतं, दाब पडतो आणि धातूवर धातू आपटू लागतो.

क्रँक झिजला की लेथवाल्याकडे नेऊन तो घासून पुन्हा गोल करतात. मग तो थोडा बारीक होतो, आणि त्याला तितकीच जाड बेअरिंग लागतात. म्हणून जुना क्रँक घेताना पहिला प्रश्न असतो तो हा, की हा किती वेळा घासला आहे? स्टँडर्ड आहे, पहिल्या साईजचा आहे की दुसऱ्या? दुसरा प्रश्न, जर्नल गोल आहे का? कारण वापरून वापरून जर्नल एका बाजूने जास्त झिजतो आणि अंड्यासारखा होतो. हे डोळ्यांना दिसत नाही. बोटालाही कळत नाही. मायक्रोमीटर आडवा एकदा, उभा एकदा, आणि जर्नलच्या दोन्ही टोकांना लावून पाहावा लागतो. चार मापं सारखी आली तरच तो जर्नल चांगला.

आमच्या मिस्त्रीकडे मायक्रोमीटर नव्हता. तो म्हणाला, "भाई, चंद्रपूरले नेऊन मोजून घेऊ. घाई काऊन करता?"

जत्रा चार दिवसांवर होती. आब्बा म्हणाले, "मोजायचं काय त्यात? माणूस भरवशाचा आहे. जमातीतला आहे. त्याच्या मालाला माप लावायचं म्हणजे त्याच्यावर शक घेणं झालं."

क्रँक बसवला गेला.

माप लावणं म्हणजे शंका घेणं, ही समजूत फक्त आब्बांची नव्हती. एके काळी सगळ्या जगाचीच ती रीत होती. अठराव्या शतकापर्यंत बंदूक असो, घड्याळ असो, कुलूप असो, कारागीर एकेक नग घासून, ठोकून, जुळवून बनवायचा. एका बंदुकीचा चाप दुसरीला बसत नसे. मोडली तर कारागिराकडेच न्यावी लागे. वस्तूची खात्री म्हणजे कारागिराची खात्री. मापाची गरजच नव्हती, कारण माप त्याच्या हातात होतं.

हे बदलायचा प्रयत्न फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक नावाच्या बंदूक बनवणाऱ्याने केला. १७८५ साली अमेरिकेचे तेव्हाचे फ्रान्समधले प्रतिनिधी थॉमस जेफरसन त्याच्या कारखान्यात गेले. तिथे बंदुकीच्या चापाचे सुटे भाग ढिगात ठेवले होते. कुठलेही भाग उचला आणि जोडा, चाप तयार होत होता. जेफरसन थक्क झाले. पुढे अमेरिकेत इली व्हिटनी या माणसाने सरकारकडून बंदुकांचा मोठा ठेका घेतला. १८०१ साली त्याने पुढाऱ्यांसमोर असंच प्रात्यक्षिक केलं आणि वाहवा मिळवली. पण नंतर अभ्यासकांनी त्याच्या उरलेल्या बंदुका तपासल्या, तेव्हा एकीचे भाग दुसरीला बसत नव्हते. प्रात्यक्षिकापुरते नग खास तयार केलेले होते! म्हणजे 'डोळे झाकून घ्या' म्हणणारे तेव्हाही होते, आणि समोर खुद्द राष्ट्राचे नेते बसले होते.

खरी अदलाबदल जमायला आणखी काही दशकं गेली. त्यासाठी 'गेज' लागले, म्हणजे मापाचे साचे. भाग साच्यात बसला तर पास, नाही तर भंगार. कारागीर कोण आहे, कुणाचा मुलगा आहे, किती नेक आहे, हे साचा विचारत नाही. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली स्क्रूच्या आट्यांसाठी एकच प्रमाण सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असे.

मोटारगाडीच्या बाबतीत याची परीक्षा झाली ती १९०८ साली. लंडनजवळच्या ब्रुकलँड्स इथे रॉयल ऑटोमोबाईल क्लबने तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण खोलल्या. सगळे भाग एकत्र मिसळले. त्यातले ८९ भाग काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले भाग ठेवले. मग मेकॅनिकांना फक्त पाने आणि स्क्रू ड्रायव्हर दिले. कानस वापरायची परवानगी नव्हती. तिन्ही गाड्या पुन्हा जुळल्या आणि ५०० मैल चालल्या. कॅडिलॅकला त्याबद्दल ड्यूअर ट्रॉफी मिळाली. आज आपण दुकानात जाऊन 'अमुक गाडीचा तमुक पार्ट द्या' म्हणतो, त्यामागे ही परीक्षा आहे. कानस न लावता बसतो तो पार्ट. कानस लावावी लागली तर समजा काहीतरी जुळत नाही.

आता जीपकडे येऊ, कारण आपल्या देशात जुन्या पार्टांचा धंदा समजायचा तर जीप हे सगळ्यात चांगलं पुस्तक आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला लाखोंनी छोट्या गाड्या हव्या होत्या. आराखडा विलीज कंपनीचा होता, पण एकट्या विलीजला ते झेपणारं नव्हतं. म्हणून फोर्डलाही काम दिलं. अट एकच की फोर्डची जीप विलीजच्या जीपसारखीच हवी, पार्टसुद्धा एकमेकींना बसले पाहिजेत. दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. फोर्डने अट पाळली, पण आपली खूण म्हणून अनेक पार्टांवर, अगदी बोल्टांवरही, इंग्रजी 'एफ' अक्षर उठवलं. आजही जुन्या जीपचे शौकीन तो 'एफ' शोधत फिरतात.

युद्ध संपल्यावर यातल्या अनेक गाड्या हिंदुस्थानात राहिल्या आणि लिलावात निघाल्या. 'डिस्पोजल'ची जीप हा शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होता. जंगलातल्या रस्त्यांना याहून चांगली गाडी नव्हती.

याच काळात, १९४५ साली, एक कंपनी सुरू झाली. नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा हे दोन भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. सुरुवात पोलादाच्या व्यापाराने झाली. १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू झाली. फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल. १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. एम अँड एम ही अक्षरं तशीच राहिली. या नावाचा उल्लेख मी वर्गात केला की मुलं दर वेळी चकित होतात. आमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या नावात एके काळी मोहम्मद होता, हे मलाही मोठा झाल्यावरच कळलं.

जीप ही एकच गाडी दिसते, पण तिच्या पोटात फरक पडत गेले. युद्धातल्या जीपच्या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीने फिरायचा. १९४६ साली विलीजने साखळी काढली आणि तिथे दातेरी चाकं, म्हणजे टायमिंग गिअर बसवले. बाहेरून इंजिन तेच. पण साखळीने जोडलेली दोन चाकं एकाच दिशेने फिरतात, आणि दात्यांनी जोडलेली दोन चाकं उलट दिशांना. म्हणजे नव्या इंजिनाचा कॅमशाफ्ट जुन्याच्या उलटा फिरतो. त्यामुळे जुना कॅमशाफ्ट नव्या इंजिनात चालत नाही. त्या कॅमशाफ्टवरून फिरणारा ऑइल पंपही चालत नाही. दोन्ही पार्ट 'जीपचेच' असतात. विकणारा खोटं बोलत नसतो. तरी पार्ट फुकट जातो.

पुढे महिंद्राने जी सीजे-३बी जीप वर्षानुवर्षं बनवली, तिचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. बोअर तोच, सव्वातीन इंचाला एक सूत कमी. स्ट्रोकही तोच. पण हेड वेगळं. जुन्याचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये होते. नव्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. त्यामुळे बॉनेट उंच करावं लागलं. हेड, ब्लॉक आणि गॅसकेट एकमेकांचे चालत नाहीत.

मग डिझेलचा जमाना आला. ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्राचं एक्सडीपी ४.९० इंजिन आलं. आमच्या मिस्त्रीने मला त्या नावाचा अर्थ सांगितला होता. चार म्हणजे चार सिलिंडर, नव्वद म्हणजे ९० मिलिमीटरचा बोअर. नंतर महिंद्राचंच एमडीआय इंजिन आलं. त्याचा बोअर साडेतीन इंच, म्हणजे ८८.९ मिलिमीटर. फरक फक्त १.१ मिलिमीटरचा. दोन्हींचे पिस्टन शेजारी शेजारी ठेवा, कोण ओळखेल? पण एक फ्रेंच माणसाने मिलिमीटरमध्ये विचार करून काढलेलं इंजिन आहे आणि दुसरं ट्रॅक्टरच्या, इंचात विचार करणाऱ्या घराण्यातलं. स्ट्रोक तर सरळच वेगळा. एकात ८३ मिलिमीटर, दुसऱ्यात चार इंच.

हा इंच आणि मिलिमीटरचा घोळ आपल्या गॅरेजमध्ये पिढ्यान् पिढ्या चालला आहे. १९५६ साली कायदा करून देशाने मेट्रिक मापं घेतली. पण रस्त्यावर अँबॅसेडर इंचाची, फियाट मिलिमीटरची, जीप इंचाची. मिस्त्री बोलणार सुतात, इंचाचे आठ सूत. त्यात इंग्रजांचा आटा आणि अमेरिकनांचा आटा वेगळा. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंग्रजी व्हिटवर्थ मापात इंचाला १२ आटे, अमेरिकन मापात १३. बोल्ट दोन फेरे सहज जातो, मग अडतो. उतावळा पोरगा पान्याला पाईप लावून तो फिरवतो, आणि आट्यांची वाट लागते. युद्धात दोस्त राष्ट्रांचे बोल्ट एकमेकांना बसेनात म्हणून १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून एक आटा ठरवला. तोपर्यंतचे जुने बोल्ट मात्र आपल्या बाजारात बराच काळ फिरत राहिले.

आणि बाजार म्हणजे कोण? मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट, कुर्ल्याची भंगाराची दुकानं, नागपूरचे कबाडी, गावोगावचे गॅरेज. लायसन्स राजच्या काळात नवी गाडी मिळायला वर्षं लागत, नवा पार्ट मिळेलच याची खात्री नसे. त्या काळात देशाच्या गाड्या चालत्या ठेवल्या त्या या माणसांनी. त्यात आपली माणसं फार. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात हे नोंदलेलं आहे की वाहनांची विक्री आणि दुरुस्ती या कामात मुसलमानांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बरंच जास्त आहे. नोकरी मिळाली नाही, कॉलेज झालं नाही, म्हणून दहाव्या वर्षी गॅरेजमध्ये 'छोटू' म्हणून लागलेली ही मुलं. त्यांच्या हातात हुनर असतो, पण त्या हुनराचं सर्टिफिकेट नसतं. म्हणून मग सगळा व्यवहार जबानवर चालतो. 'उस्तादने सांगितलं' हेच सर्टिफिकेट.

या जबानला मी कमी लेखत नाही. पण आमच्या जीपचं काय झालं ते आता सांगतो.

महाशिवरात्रीचा दिवस. पहाटेपासून आब्बांच्या चामोर्शी ते मार्कंडा अशा फेऱ्या चालू होत्या. मी मागे लटकून पैसे गोळा करत होतो. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत गाडी भरलेली, आत दोन म्हाताऱ्या बाया, एक लेकुरवाळी. वाटेत खट-खट असा आवाज सुरू झाला. आब्बांनी तेलाच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं. काटा खाली पडला होता. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला सुरुवात केली तोच इंजिनातून मोठा आवाज झाला आणि खालून तेल सांडलं. बेअरिंग फिरलं होतं, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं होतं. आता नुसता क्रँक नव्हे, अख्खं इंजिन गेलं.

कुणाला इजा झाली नाही, अल्लाहचा शुक्र. त्या म्हाताऱ्या बाया उतरून पायीच देवळाकडे निघाल्या. त्यातली एक आब्बांना म्हणाली, "जाऊ दे बापू, देवानं वाचवलं." आब्बांनी सगळ्यांचे पैसे परत केले. मीच मोजून दिले.

नंतर मिस्त्रीने तो क्रँक चंद्रपूरला नेऊन मोजून घेतला. जो जर्नल तुटला नव्हता, तोही अंडाकृती निघाला. आडवं माप एक, उभं माप दुसरं. त्याला नवी बेअरिंग लावून कधीच चाललं नसतं. घासून, पुढच्या साईजची बेअरिंग घालून कदाचित चाललं असतं. मोजायला फार तर अर्धा तास आणि थोडे रुपये लागले असते.

जीप उन्हाळ्यात भंगाराच्या भावात विकली. आब्बा पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले. कर्ज फिटायला सहा वर्षं लागली. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा त्या साली सुटली, ती पुन्हा सुरू झाली नाही. भाचा तिचाच मुलगा.

त्या विक्रेत्याने फसवलं का? अनेक वर्षं मी तसंच मानत होतो. आता वाटतं, त्यानेही मोजलं नसावं. त्याला तो क्रँक ज्याने विकला, त्याने 'स्टँडर्ड है' सांगितलं असेल. त्याने भरवसा ठेवला, पुढे आब्बांनी ठेवला. एकाच्या जबानवर दुसऱ्याची जबान, अशी सगळी साखळी. तिच्यात माप कुणाकडेच नव्हतं.

उर्दू शिकवताना आणि दीनी किताबं वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा भेटली. मदिन्याच्या बाजारात हजरत पैगंबर (स.) धान्याच्या एका ढिगाजवळ थांबले. वरून ढीग कोरडा होता. त्यांनी हात आत घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. या हदीसचा उल्लेख आपण नेहमी विक्रेत्याला नसीहत म्हणून करतो, आणि ती आहेच. पण त्यातली पहिली कृती आपण विसरतो. त्यांनी हात आत घातला. तपासलं. त्यांच्याइतकी माणसांवर माया करणारं कोण? तरी तपासणं त्यांना बेअदबी वाटली नाही.

फिकहमध्येही गिऱ्हाइकाचे हक्क आहेत. खियार-ए-रुयत म्हणजे न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारायचा हक्क. खियार-ए-ऐब म्हणजे लपलेला दोष निघाला तर परत करायचा हक्क. सूरह मुतफ्फिफीन तर मापात खोट करणाऱ्यांबद्दलच आहे. माप घेणं म्हणजे शंका घेणं, हे आब्बांनी कुठून उचललं मला माहीत नाही. दीनातून तर नक्कीच नाही.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं, आणि मग त्याच्या टर्बोकडे वळलो. आजच्या गाड्यांत प्रश्न आणखी किचकट आहे. त्याच्या स्विफ्टमध्ये फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट इंजिन आहे. हेच इंजिन मारुतीच्या अनेक गाड्यांत होतं, फियाटच्या होतं, टाटाच्याही काही गाड्यांत होतं. म्हणून बाजारात पार्ट भरपूर. पण इंजिन एक असलं तरी एका प्रकाराची ताकद ७५ हॉर्सपॉवर, दुसऱ्याची ९०. एकाच्या टर्बोची पाती स्थिर, दुसऱ्याच्या टर्बोत पात्यांचा कोन बदलतो आणि त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर वेगळा. बोल्ट बसले म्हणजे टर्बो बसला, असं नाही. इंजेक्टरचंही तसंच. प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड असतो. तो गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, नाही तर गाडी धूर सोडते, हादरते. मारुतीने २०२० साली डिझेल गाड्या बनवणं बंद केलं. त्यामुळे जुन्या पार्टांची गरज आता वाढतच जाणार.

त्याला मी कागदावर लिहून दिलं ते इथेही देतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडो. दुकानात जाताना जुना, खराब झालेला पार्ट सोबत न्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. भोकं, दाते, आटे मोजा, अंदाज करू नका. गाडीचं नाव आणि वर्ष पुरेसं नाही, पार्टवरचा नंबर आणि इंजिन नंबर जुळवा. कंपन्या वर्षाच्या मध्येच बदल करतात. फिरणारा, घासणारा कुठलाही पार्ट मायक्रोमीटर लावल्याशिवाय घेऊ नका. हेड घेत असाल तर त्यावर सरळ पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो का पाहा, दिसला तर हेड वाकलेलं आहे. पूर्ण इंजिन घेत असाल तर ते कोणत्या गाडीतून निघालं त्याचे कागद मागा. इंजिन नंबर आर.सी.वर असतो, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आर.टी.ओ.च्या परवानगीशिवाय करता येत नाही. कागद नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं, तर पोलीस आधी कुणाच्या दारात येतील, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुकानदार भावांनाही एक विनंती. पार्टवर खडूने त्याचं माप लिहून ठेवा. 'गॅरंटी नाही' अशी पाटी लावायला हरकत नाही, पण तिच्या शेजारी मायक्रोमीटरही टांगा. गिऱ्हाईक दुप्पट येईल.

मागच्या रविवारी भाच्यासोबत मी स्वतः नागपूरला गेलो. भाच्याने जुना टर्बो पिशवीतून काढला, दुकानदाराच्या टर्बोशेजारी ठेवला आणि नंबर वाचू लागला. शेवटची दोन अक्षरं वेगळी निघाली. मला वाटलं आता दुकानदार रागावणार. त्याने चष्मा लावला, दोन्ही नंबर पुन्हा वाचले आणि म्हणाला, "सही है बेटा, ये तेरी गाडी का नहीं. अच्छा हुआ देख लिया, नहीं तो तू मुझे गाली देता." मग आतून दुसरा शोधून आणला. त्याचा नंबर जुळला. भाच्याने टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहिला, पाती तपासली, आणि मग पैसे दिले.

परत येताना जमातीतला, ओळखीचा, भरवशाचा असे शब्द दोघांच्याही तोंडी आले नाहीत. त्या दुकानात आम्ही पुन्हा जाणार आहोत, एवढं मात्र नक्की ठरलं.